बर्फात आधी लॉक, मग ट्रॅक्शन कंट्रोल

कायम चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल असेल, तर सेंटर डिफरेन्शियल लॉक हवंच कशाला, असं अनेकांना वाटतं. १९९८ साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या लँड रोव्हर डिस्कव्हरीत हाच विचार दिसतो: लॉक लावायची सोय गेली आणि काम ट्रॅक्शन कंट्रोलवर सोपवलं गेलं. शेवटच्या काळातल्या मॉडेलांत लॉक परत आलं, आणि ते योग्यच झालं. ट्रॅक्शन कंट्रोल चाक घसरून फिरू लागल्यावरच जागं होतं, त्या चाकाला ब्रेक लावतं आणि मग जोर दुसरीकडे जातो. बर्फात तेवढा क्षणही महाग पडतो, कारण फिरणारं चाक खालचा बर्फ घासून गुळगुळीत करतं किंवा खड्डा खणतं. लॉक पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल आधीच बांधून ठेवतं, त्यामुळे एकच अ‍ॅक्सल जागच्या जागी फिरत बसत नाही.

मात्र एकाच अ‍ॅक्सलवरच्या डाव्या-उजव्या चाकांतला फरक लॉकला मिटवता येत नाही. तिथे ट्रॅक्शन कंट्रोलच हवं. लॉकमुळे गिअर ताणले जातात, हा आक्षेप कोरड्या डांबरावर अगदी खरा आहे. बर्फावर चाकं थोडी घसरतात आणि तो ताण सुटतो. वळणावर गाडी सरळ जाऊ पाहते हेही खरं, म्हणून वेग कमी ठेवायचा आणि बर्फ नसलेला रस्ता लागताच लॉक काढायचं. थांबण्यासाठी मात्र यातलं काहीच कामाचं नाही. तिथे हिवाळी टायरच लागतात.