मृत्युपत्र म्हणून आलेला कागद

आमच्या बेळगावच्या पेठेत गुळाची ढेपही काट्यावर पुन्हा तोलल्यावाचून कोणी उचलीत नाही. परंतु हाच सावध व्यापारी पंचाहत्तरी उलटल्यावर राहत्या घराच्या कागदावर, ‘सही कोठे करू?’ एवढेच विचारून मोकळा होतो, हे आम्ही पाहिले आहे.

आमच्या एका वयोवृद्ध सभासदांची हकीकत त्यांच्या संमतीने, नाव न घेता, येथे देत आहोत. पत्नी निवर्तलेली, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली, चिरंजीव व्यापारानिमित्त बहुधा परगावी. नित्य येणाऱ्या एका दूरच्या नातलगाने आपुलकीने सुचविले, “आप्पा, मृत्युपत्र नोंदवून टाकू या. मागे तंटा नको.” मसुदा कानडीत होता. आप्पांना कानडी उत्तम बोलता येते, वाचता येत नाही. नातलगाने मजकूर तोंडी सांगितला आणि नोंदणीचा दिवसही ठरविला.

दिवसाचा खर्च रात्री सुनेकडून किर्दीत लिहवून घ्यावयाचा, हा आप्पांचा जुना नेम. त्या रात्री त्यांनी मृत्युपत्राच्या मुद्रांकशुल्काची रक्कम सांगितली. सूनबाईंची लेखणी थांबली. त्यांच्या वडिलांचे मृत्युपत्र माहेरी त्यांच्यासमोरच झाले होते. त्या म्हणाल्या, “मामंजी, मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही.” दुसऱ्या दिवशी परिचित वकिलांकडून कागद मराठीत वाचवून घेतला. ते बक्षीसपत्र होते, आणि घर त्या नातलगास दिलेले होते.

या दोन कागदांतील अंतर प्रत्येक घरात ठाऊक असावयास हवे. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमानुसार केलेले मृत्युपत्र, कर्त्याची बुद्धी शाबूत आहे तोवर, केव्हाही बदलता किंवा रद्द करता येते. त्याच्या मृत्यूपर्यंत मालकी हलत नाही. त्यास दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाखालील बक्षीसपत्र मात्र एकदा स्वीकारले व नोंदले गेले, की केवळ मन बदलले म्हणून परत घेता येत नाही. घर जिवंतपणीच गेले.

सांभाळाच्या भरवशावर मुलाबाळांच्या नावे घर करणारेही पुष्कळ आहेत. ज्येष्ठांसाठीच्या 2007 च्या अधिनियमाचे कलम 23 त्यांच्या कामी येते. सांभाळ न झाल्यास हस्तांतरण रद्द ठरवून घेता येते. मात्र त्यास सांभाळाची अट जोडलेली हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली म्हटले. 2025 साली त्याच न्यायालयाने हा कायदा ज्येष्ठांच्या हिताच्या दृष्टीने उदारपणे वाचून एका मातेस तिची मालमत्ता परत देवविली. तरीही अट कागदातच लिहावी. पोटच्या मुलापुढे अट घालण्याचा संकोच आम्हांस समजतो. परंतु उधारीच्या चिठ्ठीवर मुदत लिहिताना तो आपणांस कधी वाटत नाही!

उतारवयात परिग्रह कमी करावा, ही श्रावकाची भावना थोर आहे. नेमकी तीच हेरून ‘आता मोह कशाला?’ असे सुचविणारेही भेटतात. परिग्रहाचे परिमाण आपले आपण ठरवावयाचे असते; ते दुसऱ्याने ठरवून द्यावयाचे नसते.

खरे मृत्युपत्रही कोण करवून घेतो, हे पाहावे. ज्यास मोठा लाभ व्हावयाचा, त्यानेच ते करविण्यात पुढाकार घेतला असेल तर तो संशय त्यानेच दूर केला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1958 साली म्हैसूर राज्यातील एका दाव्यात सांगितले आहे.

आप्पांनी पुढे आपले मृत्युपत्र मराठीत, स्वहस्ते लिहिले. साक्षीस पेठेतील दोन स्नेही घेतले. दोघांसही त्यात काही मिळावयाचे नव्हते. 1908 च्या नोंदणी अधिनियमातील सोयीप्रमाणे ते मोहोरबंद पाकिटात जिल्हा निबंधकांकडे ठेवले. नातलगाकडे गेलेले मुद्रांकाचे पैसे अद्याप परत आलेले नाहीत. किर्दीत ते येणे म्हणून तसेच उभे आहेत.