महासागरांचे अम्लीभवन

वातावरणातील कार्बन डाय-ऑक्साइड वायू विरघळल्यामुळे समुद्राच्या पाण्याचे पीएच मूल्य दीर्घकाळ घटत जाण्याच्या क्रियेस ही संज्ञा आहे. समुद्राचे पाणी किंचित क्षारकीय असते. या क्रियेने ते प्रत्यक्ष अम्लीय होत नाही, तर त्याची क्षारकता कमी होते. औद्योगिक क्रांतीपूर्वी पृष्ठजलाचे सरासरी पीएच मूल्य सु. ८·२ होते, ते आता सु. ८·१ आहे. हे मापन लॉगरिथमीय असल्याने ०·१ इतक्या घटीमुळे हायड्रोजन आयनांचे प्रमाण सु. २६ टक्क्यांनी वाढते.

मानवी व्यवहारांतून उत्सर्जित होणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइडापैकी सु. एकचतुर्थांश भाग महासागर शोषून घेतात. पाण्यात त्यापासून कार्बॉनिक अम्ल बनते व हायड्रोजन आयन मुक्त होतात. ते कार्बोनेट आयनांशी संयोग पावत असल्याने कॅल्शियम कार्बोनेटाची कवचे व सांगाडे बनविणाऱ्या प्रवाळ, शिंपले, कालवे व काही प्लवक जीवांना या आयनांचा तुटवडा पडतो. कवच बांधण्यास अधिक ऊर्जा खर्चावी लागते व डिंभावस्थेतील जीव विशेष बळी पडतात. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील कालवांच्या बीजोत्पादन केंद्रांत २००७ च्या सुमारास याच कारणाने मोठी हानी झाली.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोल पाणी वर येते. त्यात ऑक्सिजन कमी व कार्बन डाय-ऑक्साइड अधिक असल्याने त्याचे पीएच मूल्य मुळातच कमी असते; नव्या अम्लीभवनाची त्यात भर पडते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात प्रवाळ आढळतात. तेथील मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. अभयारण्याची हद्द मासेमारीस आवर घालू शकते, पाण्याच्या रसायनास नाही. कोकणातील खाड्यांत तिसऱ्या व कालवे गोळा करून उपजीविका करणाऱ्या कुटुंबांचाही या बदलाशी थेट संबंध आहे.

उत्सर्जित वायू सर्व वातावरणात मिसळतो; त्यामुळे चंद्रपूर वा कोराडी येथील औष्णिक वीज केंद्रांत जळणाऱ्या कोळशाचा परिणामही अखेर समुद्रापर्यंत पोहोचतो. खडकांच्या झिजेतून निघणारी क्षारद्रव्ये नद्यांवाटे समुद्रास मिळून त्याची क्षारकता पूर्ववत करतात. भंडारा जिल्ह्यातून वाहणारी वैनगंगाही प्राणहिता व गोदावरी यांच्यामार्फत अशी द्रव्ये बंगालच्या उपसागरात नेते. परंतु या नैसर्गिक भरपाईस हजारो वर्षे लागतात. उत्सर्जन मात्र दोन-तीन शतकांत घडले आहे : वातावरणातील कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण दर दशलक्ष भागांत सु. २८० वरून २०२३ पर्यंत सु. ४२० भागांवर गेले.

उत्सर्जन उच्च राहिल्यास या शतकाच्या अखेरीस पृष्ठजलाचे पीएच मूल्य ७·८ च्या आसपास येईल, असा अंदाज आहे. चुना टाकून संपूर्ण महासागराची क्षारकता वाढविणे आज व्यवहार्य नाही. त्यामुळे उत्सर्जनात घट हाच मुख्य उपाय ठरतो. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या शाश्वत विकासाच्या ध्येयांत अम्लीभवन कमीत कमी राखण्याचे लक्ष्य समाविष्ट आहे. आज समुद्रात मिसळणाऱ्या वायूचा परिणाम पुढील अनेक पिढ्यांना भोगावा लागणार असल्याने या उपायातील विलंब भरून काढता येणार नाही.