कुठे उतरणार?

लोकलच्या डब्यात जागा नसली की मुंबईकर बसलेल्या माणसाला एकच प्रश्न विचारतो : 'कुठे उतरणार?' उत्तर 'घाटकोपर' आले की त्याच्या पुढ्यात पाय रोवून उभे राहायचे आणि मनातल्या मनात ती जागा आपल्या नावावर करून टाकायची. विचारणाऱ्याला यात संकोच वाटत नाही आणि ज्याला विचारले त्याला अपमान वाटत नाही. लग्नाच्या हॉलमध्येही हेच. शेवटच्या भाताला आलेल्या पाहुण्याच्या खुर्चीमागे पुढच्या पंगतीचा उमेदवार उभा असतोच.

हाच प्रश्न मला परवा रात्री पावणेबारा वाजता विमानतळावरच्या लाउंजमध्ये भेटला. हातात इडली-सांबाराची बशी आणि काखेत लॅपटॉपची बॅग अशा अवस्थेत एक तरुण माझ्या खुर्चीपाशी वाकून म्हणाला, ''अंकल, तुमची फ्लाइट कितीची?'' मी म्हटले, ''दोन चाळीस.'' त्याचा चेहरा पडला. मी त्याच्या दृष्टीने थेट कर्जतपर्यंत जाणारा प्रवासी निघालो होतो!

मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही उभयता न्यू जर्सीला निघालो होतो. अंधेरीत कोलडोंगरीला सारा जन्म काढल्यामुळे विमानाचा आवाज कानाला नवा नाही. आमच्याकडे विमान डोक्यावरून गेले की बोलणारा माणूस वाक्य मध्येच थांबवतो आणि आवाज विरला की पुढल्या शब्दापासून सुरू करतो. पण लाउंज नावाच्या खोलीत पाय ठेवायची ही पहिलीच वेळ. ''बाबा, कार्डावर फुकट आहे, तिथेच जेवा,'' असे मुलीने तीनतीनदा बजावले होते. शिवाय बाहेर एका कॉफीला जे पैसे पडतात त्यात घरी महिन्याची पावडर येते, असा हिचा हिशेब होता.

तर त्या फुकटासाठी आम्ही पंचवीस मिनिटे रांगेत उभे होतो. दारातल्या मुलीने कार्ड यंत्रात घातले की खात्यातून दोन रुपये कापले जातात. ही जेवणाची किंमत नव्हे. कार्ड चालू आहे एवढीच ती खात्री. खरे पैसे बँक मागल्या दाराने दर माणशी लाउंजवाल्याला मोजते, आणि या दोघांच्या मध्ये बहुधा एक दलाल कंपनी असते. कार्डे विकताना 'लाउंज मोफत' हे आमिष इतक्या जणांना दाखवले गेले की पुढे बँकांचेच डोळे पांढरे झाले. २०२४पासून अनेक बँकांनी अट घातली : मागच्या तीन महिन्यांत कार्डावर अमुक हजार रुपये खर्च केले असतील, तरच प्रवेश. आम्ही याच कार्डावर दोन तिकिटे काढली होती, म्हणून उत्तीर्ण झालो.

आमच्या पुढचा मुलगा नापास झाला. पंचविशीचा असेल. आईवडील बरोबर होते. वडिलांच्या पायात कोऱ्या करकरीत चपला, आईच्या हातात पिशवी. यंत्राने दोनदा नकार दिला. काउंटरवरच्या मुलीने रोख भरण्याचा पर्याय सांगितला, तेव्हा त्याने आकडा ऐकून आईकडे पाहिले. वडील लगेच म्हणाले, ''राहू दे रे, भूक कुठे आहे आपल्याला? डबा आहे की.'' आणि तिघे रांगेतून बाजूला झाले. मागे रांग होती, मी पुढे सरकलो. त्या वेळी आपण काही बोलायला हवे होते, असे इडली खाताना वाटत राहिले. काय बोलणार होतो, ते मात्र सुचले नाही.

या लाउंजची वंशावळ मोठी खानदानी आहे. पहिला लाउंज अमेरिकन एअरलाइन्सने १९३९ साली न्यू यॉर्कच्या लागार्डिया विमानतळावर काढला. तिथे पैसे देऊन जाता येत नसे. कंपनी ज्याला मोठा माणूस समजेल त्यालाच बोलावणे. ऐंशी-नव्वद वर्षांत त्या बोलावण्याची ही पंगत झाली! मला त्यात वावगे काही वाटत नाही. बाजूच्या टेबलावरचे गृहस्थ दोन केळी आणि चार बिस्किटांचे पुडे सराईतपणे हातपिशवीत सोडत होते, त्याचेही नाही. वाईट एवढेच वाटले की अडीचशे माणसे खांद्याला खांदा लावून बसली होती आणि जवळजवळ प्रत्येक जण एकटा होता.

सहारची गर्दी आम्ही पाहिली आहे, पण ती बाहेरची. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सांताक्रूझची आंतरराष्ट्रीय वाहतूक सहारच्या नव्या टर्मिनलमध्ये गेली आणि त्यानंतरची कित्येक वर्षे रात्री अकरानंतर तिथे जत्रा असे. वेळ रात्रीचीच, कारण सकाळी युरोपात उतरायचे तर मुंबई मध्यरात्रीनंतर सोडावी लागते. माझा मेहुणा १९८६ साली मस्कतला नोकरीला निघाला तेव्हा त्याला पोचवायला मॅटॅडोर भरून आम्ही एकोणीस जण गेलो होतो. हार, नारळ, हातावर दही. निम्म्यांना विमानच पाहायचे होते. प्रवेशाचे तिकीट काढून आतही जाता येई. माझ्या सासूबाई काचेला नाक लावून उभ्या होत्या, आणि तो दिसेनासा झाल्यावरही अर्धा तास हात हलवत होत्या.

त्याच सहारवर १९९०च्या ऑगस्टपासून कुवेतहून सुटलेली माणसे उतरली. सद्दामच्या सैन्याने कुवेत घेतल्यावर तिथले भारतीय अम्मानपर्यंत येत आणि एअर इंडियाची विमाने त्यांना मुंबईला आणत. सुमारे दोन महिन्यांत ४८८ उड्डाणे झाली आणि लाखाहून अधिक माणसे परतली. ज्या जिन्नसांसाठी सारी गल्ली आखातातून येणाऱ्याची वाट पाही, त्यातले काही त्यांच्या हाती नव्हते. मेहुणा मस्कतला सुखरूप होता, तरी सासूबाईंनी त्या दोन महिन्यांत रेडिओ बंद होऊ दिला नाही.

मग काठमांडूहून निघालेले विमान डिसेंबर १९९९मध्ये कंदाहारला पळवून नेले गेले. २०००पासून मोठ्या विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आली आणि निरोपाची जागा दाराबाहेर सरकली. फेब्रुवारी २०१४मध्ये नवे टी-२ सुरू झाले, त्याबरोबर द्रुतगती मार्गावरून थेट येणारा उन्नत रस्ताही. आता गाडी दारात थांबते, सामान उतरते, मागचा हॉर्न वाजवतो. त्या दोन मिनिटांत काय ती मिठी मारायची. आम्हाला तर तेही नव्हते. टॅक्सीवाल्याने 'हॅपी जर्नी' म्हटले, तेवढाच निरोप.

लाउंजमध्ये आमच्या टेबलाशी चौथ्या सीटवर सरकून बसावे तशा एक बाई येऊन बसल्या. मुलुंडच्या, सत्तरीला टेकलेल्या. बरोबर कोणी नाही. त्यांच्यासाठी व्हीलचेअर नोंदवलेली होती, पण चालत तुरुतुरु आल्या. हिने विचारले तर हसून म्हणाल्या, ''अहो ताई, पायांना काही झालेलं नाही. पण तिकडे उतरल्यावर तो इमिग्रेशनवाला काय विचारतो ते मला कळत नाही. खुर्चीत बसलं की ढकलणारा मुलगा बोलतो माझ्या वतीने.'' मुलाकडे चालल्या होत्या, शिकागोला. दुसरे नातवंड. पहिल्याच्या वेळी यजमान होते.

हिने सहज विचारले, ''घरी कोण असतं मग?''

''आई आहे माझी. एक्क्याण्णव वर्षांची.''

त्यांनी मोबाइल पुढे केला. पडद्यावर मुलुंडच्या घरातला पलंग, त्यावर भिंतीकडे तोंड करून झोपलेली एक लहानशी आकृती, आणि खाली सतरंजीवर रात्रपाळीची बाई. सुनेने कॅमेरा बसवून दिला होता. ''भावाला सांगितलंय येऊन जायला. तो बोरिवलीला. पण त्याची बायपास झालीय गेल्या वर्षी.'' पुढे इडलीचा तुकडा मोडत त्या म्हणाल्या, ''मुलाने सहा महिन्यांचं म्हटलंय. मी तीन सांगितलेत. आईला काहीच सांगितलं नाही. पुण्याला जाते म्हणाले.''

आम्ही दोघेही गप्प झालो. आमच्या घरी मागे कोणी नाही. चार वर्षांपूर्वी होते, तेव्हा मुलीच्या पहिल्या बाळंतपणाला ही गेली नव्हती. मुलगी त्यावरून एका शब्दाने बोललेली नाही, आणि ते न बोलणेच हिला अजून लागते. ही त्या बाईंच्या हातावर हात ठेवून बसली. आजूबाजूला बशा वाजत होत्या.

बारा पन्नासला व्हीलचेअरवाला मुलगा त्यांना शोधत आला. नाव लिहिलेली पाटी पाहून त्या उठल्या, पदर सारखा केला आणि पुन्हा एकदा पडद्याकडे पाहिले. ''कूस बदलली,'' त्या हिला म्हणाल्या. ''उजवीकडे झाली म्हणजे आता पाचपर्यंत झोपेल.''

खुर्चीत बसल्यावर त्यांना आठवले. मागे वळून त्यांनी आपल्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवले आणि मघापासून बशी घेऊन उभ्या असलेल्या त्या तरुणाला म्हणाल्या, ''बस रे बाळा. मी उतरले.''