दुकानांतील टेलिफोन : जुना व नवा

आमच्या जिल्ह्याचा व्यापार बहुतांशीं तोंडच्या शब्दावर चालतो. कांद्याचा भाव काय निघाला, मालमोटार केव्हां सुटली, पैसे कोणत्या दिवशीं मिळतील, हें बोलूनच ठरतें. आणि बोलणारा दूर असेल तर टेलिफोनवांचून गति नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं अनेकांच्या घरीं दुकान, दवाखाना किंवा लहानसा कारखाना आहे. तेथें सध्यां असा प्रश्न उपस्थित होतो कीं, तांब्याच्या तारेवरील जुना टेलिफोन सोडून इंटरनेटवरील टेलिफोन घ्यावा काय? या दोहोंतील भेद, नव्याचे लाभ व घ्यावयाची सावधगिरी यांचें थोडक्यांत विवेचन करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम जुन्या पद्धतीचा विचार करूं. ता. २८ जानेवारी १८८२ रोजीं मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें टेलिफोनचीं एक्स्चेंजें सुरू झालीं. पुढें रूढ झालेल्या व्यवस्थेंत प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घरापासून एक्स्चेंजपर्यंत तांब्याच्या तारांची एक जोडी जाई, आणि दोन माणसें बोलूं लागलीं म्हणजे त्यांच्यामधील सगळा मार्ग त्या दोघांसाठींच राखून ठेवला जाई. मग तीं बोलोत अगर गप्प बसोत. एका उतारूसाठीं सबंध दौंड-मनमाड लोहमार्ग मोकळा ठेवावा, तसाच हा प्रकार. साहजिकच अंतर वाढे तसा आकारहि वाढे. परगांवीं बोलावयाचें तर ऑपरेटरकडे नंबर नोंदवून वाट पहावी लागे. १९६० सालीं कानपूर व लखनौ यांच्यामध्यें थेट नंबर फिरविण्याची सोय भारतांत प्रथम झाली. पुढें ती सर्वत्र पसरली व ०२४१ हा आंकडा फिरवून कोठूनहि नगर गांठतां येऊं लागलें.

या पद्धतींत एक मोठा गुण आहे. बोलण्यास लागणारी वीज, सुमारें ४८ व्होल्टची, एक्स्चेंजमधील बॅटऱ्यांतून त्याच तारांवाटे येते. त्यामुळें गांवांतील दिवे गेले तरी साधा टेलिफोन जिवंत राहतो.

नव्या पद्धतींत मार्ग राखून ठेवावा लागत नाहीं. एका रूढ रीतीप्रमाणें आवाज सेकंदांत ८,००० वेळां मोजला जातो व प्रत्येक माप शून्य आणि एक या दोनच चिन्हांच्या आठ अंकांनीं लिहिलें जातें. म्हणजे सेकंदास ६४,००० अंक झाले. हे अंक लहान लहान पुडक्यांत बांधतात. सामान्यतः एका सेकंदाच्या बोलण्याचीं ५० पुडकीं होतात. प्रत्येकावर पत्ता व अनुक्रमांक असतो, आणि इतर लोकांचीं पत्रें व चित्रें ज्या वाटेनें जातात त्याच वाटेनें हीं पुडकींहि जातात. एक वाक्य पन्नास पोस्टकार्डांवर लिहून टपालांत टाकावें, व पलीकडच्या माणसानें तीं क्रमानें लावून वाचावीं, असेंच हें आहे. वेष्टनें धरून एका संभाषणास एका दिशेनें सेकंदास सुमारें ८० ते ९० हजार अंक लागतात. दहा माणसें एकाच वेळीं बोललीं तरी नऊ लाखांत काम भागतें. काचतंतूच्या जोडणीस हें ओझें कांहींच नाहीं. मात्र कार्डें उशिरां आलीं तर आवाज तुटतो. एका बाजूनें होणारा विलंब सेकंदाच्या १५० सहस्रांशांहून अधिक नसावा, असें तज्ज्ञ सांगतात.

भारतांत इंटरनेटवरून बोलण्यास पहिली मर्यादित परवानगी १ एप्रिल २००२ पासून मिळाली. पुढें जुलै २०१८ मध्यें भारत संचार निगमनें ‘विंग्ज’ ही सेवा जाहीर केली. तींत सिमकार्डावांचून, केवळ इंटरनेटच्या आधारें, कोणत्याहि टेलिफोनशीं बोलण्याची सोय होती. अशा सेवांपासून व्यापाऱ्यास होणारा लाभ उघड आहे. कापड बाजारांतील दुकानाचा नंबर मार्केट यार्डांतील वखारींत, किंवा मालक पुण्यास गेला असतां त्याच्या खिशांतील मोबाईलवरहि वाजूं शकतो. नवा कारकून आला तर त्याच्या मेजापर्यंत टेलिफोनची निराळी तार ओढावी लागत नाहीं.

असें असतां सावधगिरी कशाची? काचतंतु प्रकाश वाहून आणतो, वीज आणीत नाहीं, हें त्याचें कारण. भिंतीवरील पेटी, राउटर व टेलिफोन या तिहींस दुकानाचीच वीज लागते. ती गेली कीं तीनहि यंत्रें एकदम मुकीं होतात. कल्पना करा, पारनेरकडचा एक शेतकरी कांदा भरून रात्रीं निघाला आहे, आणि उद्यां लिलाव आहे कीं नाहीं हें आडत्यास विचारूं पाहतो. अथवा एखाद्या बाळंतिणीचे आप्त दवाखान्याशीं बोलूं इच्छितात. त्या क्षणीं उत्तर मिळालें नाहीं तर बिलांतील बचत काय कामाची? ब्रिटनमध्यें तारेवरील टेलिफोन बंद करण्यास ३१ जानेवारी २०२७ ही मुदत ठरली. तेथेंहि वृद्ध व आजारी लोकांचीं मदत मागण्याचीं यंत्रें या बदलानंतर चालेनाशीं झाल्याचे प्रकार घडले, तेव्हां डिसेंबर २०२३ मध्यें मोठ्या कंपन्यांनीं सक्तीचा बदल तूर्त थांबविण्याचें मान्य केलें. शुभवर्तमानांतील दहा कुमारींचा दाखला आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. दिवे दहाहि जणींजवळ होते. भेद होता तो तेलाचा.

म्हणून पालकांस आमची सूचना अशी. जुना नंबर कायम राहील काय, हें कंपनीकडून लेखी घ्यावें; कारण तो पावतीपुस्तकावर, पाटीवर व गिऱ्हाइकांच्या स्मरणांत आहे. सेवा परवाना असलेल्या कंपनीचीच घ्यावी. यंत्राबरोबर आलेला पासवर्ड त्याच दिवशीं बदलावा. नाहीं तर चोर आपल्या नंबरावरून परदेशीं बोलून बिल आपल्या माथीं मारूं शकतात. महिनाभर दोन्ही टेलिफोन चालवून मगच जुना सोडावा. संकटकाळीं ११२ नंबर फिरविण्यासाठीं एक मोबाईल नेहमीं चार्ज केलेला असावा. कारण इंटरनेटवरील टेलिफोन कोणत्या ठिकाणाहून बोलत आहे हें मदत करणाऱ्यांस कळेलच असें नाहीं.

बॅटरीचा हिशेब मात्र विद्यार्थ्यांनीं करून द्यावा. समजा, सर्व यंत्रें मिळून २० वॅट वीज खातात. १२ व्होल्ट व ७ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर ८४ वॅट-तास देते. म्हणजे चार तासांची बेगमी झाली, आणि प्रत्यक्षांत त्याहून कमीच. आपल्या दुकानांतील यंत्रांवर किती वॅट लिहिले आहेत तें पहावें, आपल्या गांवांत वीज किती वेळ जाते तें वडिलांस विचारावें, आणि उत्तर कमी पडत असेल तर मोठी बॅटरी घेण्यास त्यांस सांगावें. पदार्थविज्ञानाच्या तासाला शिकलेला गुणाकार घरच्या उपयोगीं पडण्याची ही चांगली संधि आहे.