करंजीची कड आणि रबराचा पापुद्रा

साच्यातली करंजी केली असेल तर पुढचं चटकन कळेल. पारी ठेवायची, सारण भरायचं, साचा दाबायचा. कडेनं थोडं पीठ बाहेर येतंच. ते आपण बोटानं काढतो नि पुन्हा गोळ्यात मिसळतो. बाहेर आलंच नाही तर समजावं, पारी लहान पडली, कड काही नीट मिटायची नाही.

कुकरची रिंग, नळाचा वायसर हेही असंच साच्यातून निघतं. साच्याचे दोन भाग, मध्ये रबर, वरून दाब आणि दीडशे-पावणेदोनशे अंश उष्णता. साचा पुरता भरावा म्हणून रबर जरा जास्तच घालतात. ते जोडातून बाहेर पसरतं आणि कडेला पातळ पापुद्रा राहतो. कारखान्यात त्याला ‘फ्लॅश’ म्हणतात आणि तो काढायच्या कामाला ट्रिमिंग. फरक एवढाच, की करंजीचं पीठ परत मळता येतं, गंधकासोबत तापून पक्कं झालेलं रबर पुन्हा वितळत नाही. बादली-मगाच्या प्लॅस्टिकची कात्रणं मात्र दळून परत वापरता येतात. पेनाच्या टोपणावरून नख फिरवून पाहा, जोडाची बारीक रेघ लागेल.

मी मराठी साहित्य घेऊन बीए झालेली, मला हे कुठून ठाऊक असणार? वर्ध्याच्या पुलफैल भागात आमचा बचत गट आहे. त्यातल्या सात-आठ जणी घरी बसून हेच काम करतात. ठेकेदार पोत्यानं वायसर आणून टाकतो, बाया कात्रीनं कड कापतात, पैसे शेकड्यावर.

गेल्या उन्हाळ्यात त्यातली एक जण हिशेबाची वही घेऊन आली. ‘‘ताई, पहिले तासाला दीडशे व्हायचे, आता शंभरही होऊन नाही राहिले. तो म्हणते, तुम्ही बाया गप्पा मारता. वरून खराब नगाचे पैसे कापते.’’

खरं सांगते, माझ्याही मनात आलं, मारत असतील गप्पा. मग तिच्या ओट्यावर बसून स्वतः कात्री धरली. जुन्या पोत्यातले चार वायसर तिनं जपून ठेवले होते. त्यांची कड फुग्याच्या रबरासारखी, बोटानं ओढली तरी निघावी अशी. नव्या पोत्यातली जुन्या ट्यूबच्या तुकड्यासारखी चिवट. अर्ध्या तासात माझा अंगठा सुजला. पापुद्रा राहिला तर वायसर नीट बसत नाही, पाणी झिरपतं. कात्री आत शिरली तर खाच पडते, तिथूनही पाणी झिरपतं आणि ताण आला की तिथूनच फाटतं. म्हणजे दोन्हीकडून बोलणी बाईलाच.

ओळखीतल्या एका निवृत्त फिटरकाकांना दोन्ही वायसर दाखवले. ते बोट फिरवून हसले. म्हणाले, साचा झिजला असेल नाहीतर दाब कमी पडत असेल. साच्याचे दोन भाग घट्ट मिटले नाहीत की पापुद्रा जाड होणारच, त्यात कापणारीचा काय दोष?

मोठ्या कारखान्यांत हे काम यंत्रंही करतात. ड्रममध्ये वस्तू घालून द्रवरूप नायट्रोजन सोडतात. तो उणे १९६ अंशांवर उकळतो, यावरून थंडीची कल्पना करा. पातळ पापुद्रा आधी गोठतो, काचेसारखा ठिसूळ होतो आणि ड्रम फिरताना गळून पडतो. जाड वस्तू तेवढ्या वेळात ठिसूळ होत नाही, म्हणून वाचते. पण त्यासाठी कड पातळच लागते. यंत्राला जाड कड चालत नाही आणि बाईनं त्याच पैशांत चालवून घ्यावी, हा कुठला न्याय?

नगावर मजुरी द्यायची तर ती तासाच्या हिशेबानं पुरायला हवी, हे आपल्या वर्ध्याला नवीन नाही. गांधीजी मगनवाडीत राहत होते त्या काळात, १९३५ साली, त्यांनी चरखा संघापुढे आग्रह धरला होता, की सूत कातणाऱ्या बाईला आठ तासांच्या कामाची पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे. १९४८ च्या किमान वेतन कायद्यानं माल घरी नेऊन पुरा करून देणाऱ्यांनाही कामगार धरलं. त्या कायद्याची जागा आता २०१९ च्या वेतन संहितेनं घेतली आहे. वेळेचा किमान दर ठरलेला असेल, तर नगावर पैसे देतानाही त्याखाली जाता येत नाही, हे तिच्यातही आहे. कागदावरचं पुलफैलच्या ओट्यापर्यंत यायला वेळ लागतो, ते सोडा.

आम्ही ठेकेदाराशी भांडलो नाही. एवढंच म्हटलं, पोतं उघडलं की तुमच्यासमोर घड्याळ लावून एक जण अर्धा तास कापेल. जेवढे नग होतील, त्यावरून त्या पोत्याचा दर धरायचा. तो पोतं उचलून निघून गेला. तीन दिवस बायांनी मलाच बोल लावले, ‘‘ताई, होतं तेही गेलं ना वो!’’ त्यांचं तरी काय चुकलं? चौथ्या दिवशी तो परत आला. घड्याळ लागलं. जाड पोत्याचा दर आता वेगळा मिळतो.

खराब नगांच्या कपातीचं मात्र अजून मिटलेलं नाही. म्हणून प्रत्येक पोत्यातला एक न कापलेला वायसर आम्ही काढून ठेवतो, तारखेची चिठ्ठी लावून दोऱ्यात ओवतो. माळ तिच्या दाराशी खिळ्याला टांगली आहे. काल मोजले, चौदा झाले.