लॅपटॉपला बॅटरी दिसेनाशी झाल्यास काय करावें?

(लेखक : एक निवृत्त महसूल कारकून, जि. भंडारा)

शेतीच्या मासिकांत लॅपटॉपचा विषय कशाला, असें कांहीं वाचकांस वाटण्याचा संभव आहे. परंतु आधारभूत किमतीनें धान द्यावयाचें म्हटलें कीं नोंदणी ऑनलाइन करावी लागते. डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळूं लागला. आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची पाहणीहि ज्याची त्यानें मोबाईलवर नोंदवावयाची झाली आहे. चावडींतलें दप्तर उठून आपल्या घरांत आलें आहे. तेव्हां त्या दप्तराचें साधन नादुरुस्त झालें तर शेतीचेंच काम अडलें असें समजावयास हरकत नाहीं.

माझें गांव लाखनी तालुक्यांत आहे. नोकरी संपवून गांवीं आल्यापासून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे अर्ज भरून देण्याचें काम आपसुकच माझ्याकडे आलें. डिसेंबरांत धानाचें काम आटोपलें कीं लॅपटॉप कापडांत गुंडाळून लोखंडी कपाटांत ठेवावयाचा व पुढील दिवाळीच्या सुमारास काढावयाचा, असा क्रम तीन वर्षें चालला होता. गेल्या हंगामांत तो काढला तेव्हां चार्जर लावतांच यंत्र सुरू झालें, पण बॅटरीच्या चिन्हावर फुली दिसली आणि बॅटरी आढळली नाहीं असा मजकूर आला. चार्जरवर चालतें आहे तर चालूं द्यावें, असें म्हणून मीं दुर्लक्ष केलें. ही माझी चूक झाली.

नोंदणीच्या शेवटच्या दिवशीं ओसरीवर आठ माणसें बसलीं होतीं. दुसरा अर्ज भरीत असतां वीज गेली आणि यंत्र तत्क्षणीं बंद पडलें. वीज येई, दहा मिनिटांनीं पुन्हां जाई, आणि भरलेला मजकूर दर वेळीं नाहींसा होई. माझ्या शेजारच्या एक बाई आहेत. यजमान वारले, दोन एकर धानावर सारा संसार. त्या सायंकाळपर्यंत पासबुक पदरांत धरून बसून होत्या. आठांपैकीं पांच अर्ज मोबाईलवर कसेबसे झाले, तीन राहिले, आणि त्यांत त्यांचा होता. पुढें मुदत वाढली म्हणून निभावलें. ती न वाढती तर मिळेल त्या भावानें व्यापाऱ्याच्या कांट्यावर धान घालण्यावांचून त्यांस गत्यंतर नव्हतें. त्या मला एका शब्दानेंहि बोलल्या नाहींत. बोलल्या असत्या तर बरें वाटलें असतें.

दुसऱ्या दिवशीं यंत्र घेऊन एका दुकानांत गेलों. दुकानदारानें झाकणहि न उघडतां "मदरबोर्ड गेला, आठ हजार पडतील" असें सांगितलें. तीस वर्षें दप्तरांत घालविलेल्या माणसास मोका न पाहतां दिलेला निकाल पटत नाहीं. मीं यंत्र परत आणलें आणि या विषयाची माहिती मिळविण्यास लागलों.

लॅपटॉपच्या बॅटरींत नुसते विजेचे घट नसतात. लिथियम-आयन जातीचे घट सोनी कंपनीनें १९९१ सालीं प्रथम बाजारांत आणले. पुढें १९९५ च्या सुमारास इंटेल व ड्युरासेल या कंपन्यांनीं, बॅटरीनें आपली माहिती यंत्रास स्वतःच सांगावी, अशी रीत ठरविली. आजचे बहुतेक लॅपटॉप त्याच वळणावर चालतात. घटांवर पाळत ठेवणारें एक लहानसें सर्किट बॅटरीच्या पोटांत असतें, आणि बॅटरीच्या जोडावर वीज नेणाऱ्या पिनांखेरीज निरोप नेणाऱ्या दोन बारीक पिना असतात. क्षमता इतकी, शिल्लक इतकी, उष्णता इतकी, असें तें सर्किट यंत्रास सारखें कळवीत राहतें. हें सर्किट म्हणजे त्या बॅटरीचा तलाठीच म्हणा ना! तलाठ्याचा अहवाल तहसिलींत पोंचला नाहीं तर जमीन जागेवर असूनहि दप्तरीं तिचा पत्ता लागत नाहीं. बॅटरी दिसत नाहीं याचा अर्थ एवढाच कीं निरोप तुटला. तो घेणाऱ्याकडे तुटला, वाटेंत तुटला, कीं बॅटरींतच तुटला, हें पाहावयाचें. आणि पाहतांना बिनखर्चाची तपासणी आधीं, खर्चाची मागून, हा क्रम सोडूं नये.

आधीं निरोप घेणारा पाहूं. यंत्र बंद असतांनाहि जागा राहणारा एक नियंत्रक लॅपटॉपांत असतो, आणि वीज वरखालीं झाली कीं तो कधीं कधीं भांबावतो. त्यास ताळ्यावर आणण्यासाठीं यंत्र पूर्ण बंद करावें, चार्जर काढावा, बॅटरी बाहेरून निघण्यासारखी असल्यास तीहि काढावी, आणि सुरू करण्याचें बटण अर्धा मिनिट दाबून धरावें. मग सर्व जोडून यंत्र सुरू करावें. बॅटरी आंत बंदिस्त असल्यास कांहीं यंत्रांच्या तळाशीं बॅटरीचें चिन्ह काढलेलें सुईएवढें भोक असतें. चार्जर काढून त्यांत टांचणीनें कांहीं सेकंद हलकेंच दाबलें म्हणजे तेंच काम होतें. आमच्या गांवांतील एका विद्यार्थ्याची बॅटरी एवढ्यानेंच परत आली. माझी आली नाहीं.

त्यानंतर विंडोज सुरू होण्यापूर्वींचें जें बायोस नांवाचें पान असतें तें उघडावें. तेथें बॅटरी दिसत असून विंडोजमध्यें दिसत नसेल तर दोष विंडोजच्या नोंदींत आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्यें बॅटरीज या सदराखालीं, जिच्या नांवांत बॅटरी हा शब्द आहे अशी एसीपीआयची नोंद असते; ती अनइन्स्टॉल करून यंत्र पुन्हां सुरू करावें, म्हणजे ती आपोआप नव्यानें होते. परंतु बायोसमध्येंहि बॅटरी नसेल तर विंडोजला हात लावूं नये. कित्येक लोक येथेंच विंडोज पुसून नवें भरण्यासाठीं पैसे देतात. ते पैसे सर्वस्वीं वायां जातात. माझ्या यंत्रांत बायोसलाहि बॅटरी दिसत नव्हती.

उरली वाट आणि बॅटरी. माझा भाचा आय.टी.आय. झालेला आहे, त्यानें चार्जर काढून तळाचे स्क्रू सोडविले. पाहतों तों बॅटरीच्या जोडापाशीं मुंग्यांनीं आणलेली माती आणि पिनांवर हिरवट थर. जोड नखानें सरळ ओढून काढावा. लोखंडी हत्यार त्यांत घालूं नये, आणि बॅटरीस टोंचा लागूं देऊं नये. मऊ ब्रश आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्यें बुडवून पिना स्वच्छ केल्या, वाळूं दिल्या, पुन्हां जोडल्या. आतां खात्रीनें दिसेल असें वाटलें होतें, पण बॅटरी दिसली नाहीं.

तेव्हां भाच्यानें मल्टिमीटर लावला. कांटा शून्यावर! बॅटरी मेली असें आम्हीं ठरविलेंहि, पण येथें एक फसगत आहे. पुष्कळशा बॅटऱ्या यंत्राशीं जोडल्या नसतांना आपलें दार बंदच ठेवतात, आणि चांगल्या बॅटरीवरहि शून्य दिसूं शकतें. खरी परीक्षा निराळी आहे. आमच्या ओळखीच्या एका शिक्षकांकडे त्याच मॉडेलचा लॅपटॉप होता. त्यांची बॅटरी घटकाभर मागून आणून माझ्या यंत्रांत बसविली. ती लगेच दिसली व भरूंहि लागली. मदरबोर्ड शाबूत होता. मेली होती ती माझी बॅटरी, आणि तिला मींच मारलें होतें.

तें असें. हा घट पूर्ण भरला असतां ४.२ व्होल्ट असतो, आणि सुमारें अडीच व्होल्टांखालीं त्यास जाऊं द्यावयाचें नसतें. लॅपटॉप बंद असला तरी बॅटरींतलें सर्किट व आंतला नियंत्रक थोडी थोडी वीज खातच राहतात. शिल्लक कमी असतांना ठेवलेलें यंत्र दहा महिन्यांनीं काढलें तर घट तळास गेलेले असतात. मग सर्किट सुरक्षिततेसाठीं व्यवहार बंद करतें, आणि कांहीं बॅटऱ्यांत तर तें कायमचेंच बंद होतें. शहरांतल्या रोज वापरणाऱ्याची बॅटरी अशी मरत नाहीं. आपल्यासारख्या हंगामी वापरणाऱ्याची मरते. त्यांत आपल्याकडील उन्हाळा, पत्र्याखालचा माळा, म्हणजे विचारूंच नका. म्हणून ठेवणीची बॅटरी अर्धी भरलेली असावी, जागा थंड असावी, आणि दर तीन महिन्यांनीं ती पाहावी. शंभर टक्के भरून उन्हाळ्यांत ठेवणें हेंहि तिला सोसत नाहीं.

तळास गेलेल्या बॅटरीस बाहेरून तारा लावून वीज पाजण्याचा उद्योग कांहीं हौशी मंडळी करतात. तो कोणीं करूं नये. इतक्या उतरलेल्या घटांत आंतलें तांबें विरघळून आडवा जोड होण्याचें व आग लागण्याचें भय असतें. तसेंच टचपॅड वर उचललेला दिसला, झाकण नीट बसेना, तर बॅटरी फुगली असें समजून यंत्र त्याच वेळीं बंद करावें. ती टोंचूं नये आणि तणसाच्या ढिगाजवळ ठेवूं नये. जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकूं नये किंवा जाळूं नये; ती परत घेण्याची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणें उत्पादकांवर आहे, तेव्हां नवी घेतांना जुनी घेतां काय, असें विचारावें.

नवी घेतांना जुनीवरचा मॉडेल नंबर व व्होल्ट ताडून पाहावे, ११.१ च्या जागीं १४.८ ची चालत नाहीं. भारतीय मानक ब्यूरोचें चिन्ह व आय.एस. १६०४६ हा आंकडा छापलेला असावा, आणि बनल्याची तारीख जुनी नसावी, कारण दुकानाच्या फळीवरहि ती उतरतच असते. अति स्वस्त नकली बॅटरींतलें सर्किट यंत्रास न पटून नवी बॅटरीहि दिसत नाहीं, असा प्रकार घडतो. दुकानदाराकडून समोर बसवून, दिसते कीं नाहीं तें पाहूनच पैसे मोजावे. मला २,४०० रुपये पडले.

आतां कपाटाच्या दारास आंतून एक कागद चिकटविला आहे. मृग, पोळा, संक्रांत आणि होळी या दिवशीं लॅपटॉप काढावयाचा, शिल्लक पाहावयाची, निम्म्यावर आणून ठेवावयाचा आणि आंकडा लिहावयाचा. दिवाळीच्या सुमारास तो वापरांत असतोच. संक्रांतीची नोंद नातीच्या अक्षरांत आहे : शिल्लक ५२ टक्के.