देवाची जमीन, कुळाची जमीन

हुबळी आणि धारवाड यांच्या मधोमध अमरगोळ लागते. शंकरलिंग आणि बनशंकरी ही इथली चालुक्यकालीन दगडी देवळे. अशा देवळांच्या दिवाबत्तीसाठी, नैवेद्यासाठी, पुजारी-वाजंत्र्यांच्या पोटासाठी राजे आणि सरदार जमिनी तोडून देत. त्या काळच्या दानलेखांत शापही कोरलेला असे: ही जमीन हिरावणारा साठ हजार वर्षे विष्ठेतला किडा होईल.

1818 मध्ये पेशवाई बुडाली, धारवाड इंग्रजांकडे आले आणि शापापेक्षा सनदेला किंमत आली. दक्षिण मराठा मुलखात इनामांची चौकशी 1843 मध्येच सुरू झाली. 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ दिले. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट आता कागदावर सिद्ध करायची होती. या कमिशनाबद्दल मुलखात केवढा संताप होता! 1858 मध्ये नरगुंदचे संस्थानिक बाबासाहेब भावे इंग्रजांनी दत्तक नाकारल्यामुळे उठले, तेव्हा मारला गेलेला इंग्रज अधिकारी मॅन्सन पूर्वी याच कमिशनात होता.

देवस्थान इनामे बरीचशी टिकली. 1863 च्या कायद्याने नजराणा भरणाऱ्या खासगी इनामदाराला जमीन विकता येऊ लागली. देवाची जमीन मात्र विक्रीबाहेरच राहिली.

खरी फाटाफूट 1 नोव्हेंबर 1956 नंतरची. धारवाड मुंबई राज्यातून म्हैसूरकडे गेले. मुंबई राज्यात 1 एप्रिल 1957 च्या कृषकदिनी कूळ मालक ठरले, पण प्रमाणपत्र मिळवलेल्या देवस्थानांच्या जमिनी त्यातून वगळल्या होत्या. महाराष्ट्रातल्या सातबाऱ्यावर ‘देवस्थान इनाम वर्ग 3’ ही नोंद आजही दिसते. मालक देव, राबणारा माणूस.

कर्नाटकात देवराज अरस सरकारने ही सूट ठेवली नाही. 1 मार्च 1974 पासून कुळांकडची देवळांची जमीनही सरकारजमा झाली आणि तालुक्याच्या भूमी न्यायमंडळापुढे अर्ज करून कुळे मालक झाली. देवळांसाठी दरसाल ठरावीक रक्कम नेमली. पुजाऱ्यांच्या घरांना याची झळ बसली, हे खरेच. तरी नांगर धरणाऱ्याच्या नावावर शेत लागणे हा मोठा न्याय होता.

तुलनेसाठी नॉर्वे पाहा. तिथे 1537 मध्ये राजाने चर्चच्या जमिनी ताब्यात घेतल्या. सतराव्या शतकात युद्धाचे कर्ज फेडायला त्यांतल्या कित्येक विकल्या, तेव्हा त्या आधी सधन व्यापाऱ्यांकडे गेल्या. कुळांच्या हाती यायला आणखी पिढ्या लागल्या. धारवाडच्या कुळांना मध्ये असा व्यापारी आडवा आला नाही.

कोल्हापूर-सांगलीकडे देवस्थानाची जमीन कसणारी कुळे मात्र सातबाऱ्यावर नाव लागावे म्हणून अजूनही मोर्चे काढतात.